धाकटीला सोबत म्हणून

८ जानेवारी
आजपासून सिस्टिम्स प्रोग्रामिंग. तसा हा विषय माझा गेल्या वर्षीच झालाय, फक्त पास व्हायचा राहिला. यंदा धाकटी बहीणही त्याच वर्गात आली आहे. आईला सांगितलं, माझं झालंय, पण हिला सोबत म्हणून बसतो. आईला केवढं कौतुक वाटलं! धाकटीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुस्तकाला कव्हर घालू लागली. समजूतदार आहे.
सरांनी पहिल्याच तासाला बजावलं की या विषयात दुसऱ्यांदा नापास होईल त्याचं नाव कोर्समधून कमी होईल. बघत माझ्याकडेच होते. पण माझ्या मागे खिडकी आहे.

९ जानेवारी
वेळापत्रक केलं. पहाटे पाच ते सात वाचन, सात ते नऊ प्रोग्रामिंग. तीन रंगांची पेनं वापरली.

१० जानेवारी, सकाळी ९.४०
उठलो. वेळापत्रक अव्यवहार्य आहे. नवं करणार.

२३ जानेवारी
पॉइंटर. म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता. समजलं. मग पत्त्याचा पत्ता. तेही समजलं. सर पत्त्याच्या पत्त्याचा पत्ता सांगू लागले तेव्हा मी नुसती मान डोलावली. घरी धाकटीने नेमकं तेच विचारलं. म्हटलं, सगळं मीच सांगितलं तर तू शिकणार कधी?

५ फेब्रुवारी
प्रोजेक्ट मिळालं. निम्मे मार्क त्यावर, म्हणजे पास-नापास त्यावरच. मेमरी सांभाळणारा प्रोग्राम लिहायचा: कोणी जागा मागितली की द्यायची, काम झालं की परत घ्यायची, एकाची जागा दुसऱ्याला द्यायची नाही. एवढंच! हे तर हॉस्टेलचा वॉर्डनही करतो. मुदत ३० मार्च. आठवड्याचं काम.

१२ फेब्रुवारी
आठवडा झाला. फाइलचं नाव ठरलं.

१ मार्च
सगळं लिहून काढलं! कम्पाइल केलं, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवलं, तर एक्केचाळीस वॉर्निंग. वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. आईच्या सूचनांसारखं असतं ते, हो म्हणायचं आणि निघायचं. वॉर्निंग गप्प करायचीही सोय असते, ती वापरली. स्क्रीन कशी स्वच्छ झाली. धाकटी मागून म्हणाली, दादा, निदान पहिली तरी वाच. लहान तोंडी मोठा घास.

९ मार्च
प्रोग्राम सुरू होतो आणि मरतो. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढंच म्हणतो. कुठे, का, कुणामुळे, काही नाही. अहो, माणूस आजारी पडला तरी कुठे दुखतंय ते सांगतो! सर म्हणाले, डीबगर वापर, तो चूक कुठे आहे ते दाखवतो. डीबगर म्हणजे गाइड उघडून पेपर लिहिणं. माझी स्वतःची पद्धत आहे. दर चार ओळींनी ‘इथपर्यंत आलो’ असं छापून घ्यायचं. जिथे छापायचं थांबेल, तिथे मेला.

११ मार्च, सायं. ५
चमत्कार. सत्तावन्न ठिकाणी ‘इथपर्यंत आलो’ घातलं, तर प्रोग्राम मरेचना! शेवटपर्यंत धावला, उत्तरं बरोबर.

१२ मार्च
एकेक करून छप्पन्न काढली. ठीक. सत्तावन्नावी काढली की मरतो, ठेवली की जगतो. मग ठेवली. धाकटीचं म्हणणं, चूक गेलेली नाही, नुसती दडून बसलीय. दोघं मिळून शोधू, रोज तासभर बसू, असंही म्हणाली. म्हटलं, चालत्या गाडीला खीळ घालू नकोस. ती बरं म्हणून गेली. जरा जास्तच तोडून बोललो. पण मोठ्या भावाने तिच्याकडून शिकायचं म्हणजे काय!

२० मार्च
आई शेजारच्या काकूंना सांगत होती की थोरला स्वतःचं सोडून धाकटीला शिकवतोय. काकू म्हणाल्या, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मी नम्रपणे चप्पल शोधत राहिलो.

२९ मार्च
अडचण. प्रोजेक्ट सर नाही, मशीन तपासणार. एक अक्षर जास्त छापलं तरी शून्य. आणि माझं ‘इथपर्यंत आलो’ तर काढता येत नाही. चारच्या सुमारास उपाय सुचला. अक्षरांचा रंग पांढरा केला. पांढऱ्या स्क्रीनवर पांढरं! छापलं जातं, पण दिसत नाही. डोकं लागतं याला.

३० मार्च
प्रोजेक्ट दिलं. घोडं गंगेत न्हालं.

६ एप्रिल
शून्य. मशीनला रंग दिसत नाहीत म्हणे, ते अक्षरं मोजतं. हे आधी सांगायला काय झालं होतं? धाकटीला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. प्रोजेक्ट सोपं होतं असं नाही, पण ती नशीबवान आहे.
सरांनी उद्या केबिनमध्ये बोलावलंय. नक्कीच संधी देणार. माझ्यातली चमक दिसली असणार.

७ एप्रिल, दुपारी १२
सरांनी ती ‘इथपर्यंत आलो’ची ओळ पुसली. प्रोग्राम मेला. मग वॉर्निंग सुरू करून पहिली मोठ्याने वाचायला लावली. एका व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या कप्प्याला, मी सुरुवातीची किंमतच दिली नव्हती. तिथे काहीतरी जुनंपानं पडलेलं असायचं, तेच प्रोग्राम वापरायचा. ‘इथपर्यंत आलो’ छापलं की योगायोगाने तिथे चालण्याजोगं काही पडायचं, एवढंच. मी तिथे शून्य लिहिलं. चालला, पहिल्या झटक्यात. सर म्हणाले, चार मिनिटं लागली तुला. मी विचारलं, मग मार्क? ते म्हणाले, मुदत गेली. चूक काय होती ते निदान कळून जावं म्हणून बोलावलं.
एक मार्चपासून ती पहिली वॉर्निंग तिथेच होती. मी नापास झालो. कोर्समधून नावही गेलं.

७ एप्रिल, सायं. ६
आईला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगून टाकलं. सोबत वगैरे काही नव्हतं. गेल्या वर्षी नापास झालो होतो, आजही झालो. फार लाज वाटली. वाटलं, रडेल, ओरडेल, निदान पाठीवरून हात तरी फिरवेल.
आईने दुधाखालचा गॅस बारीक केला आणि विचारलं, मग धाकटीला एवढे दिवस शिकवलं कोणी?
म्हटलं, कोणीच नाही. तिचं तीच शिकली.
आई पदराला हात पुसत तडक धाकटीच्या खोलीत गेली. अर्धा तास झाला. दोघी आत बोलताहेत, मधूनच हसताहेत. दूध उतू जात होतं, गॅस मी बंद केला.