मुरारीच्या दुधाचा आकडा

४ जानेवारी
दूध तपासायची काचेच्या टोकाची कांडी आली. धाकटी सून पूनम महाडला कॉलेजात शिकवते, तिनं आणली. आता आपल्या पडवीतल्या दूध कलेक्शनमध्ये लबाडी बंद. आकडा साडेसहाच्या वर पायजे. खाली आला म्हणजे दूध आंबतंय. पूनम बोलली, बाबा, आधी बाटलीतल्या चार नंबरच्या आंबट पाण्यात बुडवून कांडी तपासा, मग धुवा, मग दुधात घाला. आकडा ठरेपर्यंत थांबा. थंडीत काच सुस्त होते. बोललो, माणसं सुस्त बघितली, काच नाय. नसती नाटकं.

५ जानेवारी, पहाटे
थंडी कडक. कांडी रात्रभर पडवीत खुंटीला होती. पहिला मुरारी, नेहमीसारखा, वरच्या वाडीवरनं. त्याचा कॅन बर्फासारखा. कांडी चार नंबरमधनं काढली, झटकली, दुधात घातली, वाचली. सहा पॉइंट एक! मुरारी बोलला, येशा, चाखून तर बघ रे. बोललो, मशीन असताना जीभ कशाला? दूध परत. उन्हं आल्यावर बाकीच्यांचं बघितलं, सगळं बरोबर. शेवटी माझ्या म्हशीचं. एक नंबर.

८ जानेवारी
मुरारीचं रोज तेच. कशेडी घाटात दरड आली तेव्हा यानंच मला खांद्यावर घेऊन खाली आणला. आणि आता शिळं दूध मिसळतो. माणूस असा बदलतो. बायको बनुबाई बोलली, अहो, तपासायला काढलेल्या त्याच दुधाचं दही लावलंय, गोड झालंय. बोललो, दह्यातलं तुला कळतं, आकड्यातलं मला.

११ जानेवारी
आज सगळ्यांसमोर सुनावलं. मैतर म्हणून किती पोटात घालू? मुरारीनं कॅन उचलला, गेला. उद्यापासून पोलादपूरला दूध घालणार म्हणे. घाल.

१२ जानेवारी, पहाटे
मुरारी नाय, म्हणून पहिलं आपलंच दूध लावलं. सहा पॉइंट एक. म्हैस पण फितूर! बनुबाईला विचारलं, काय मिसळलंस? तिनं माझा हात बाजूला केला. बोलली, आता कांडीला शिवू नका, चहा करून येते. चहा घेऊन आली तर आकडा सहा पॉइंट सात.

तोच दिवस, दुपार
वरच्या वाडीवर गेलो. मुरारीला समजावलं, काच थंडीत सुस्त होते, कंपनीचा दोष, मला पहिल्या दिवसापासून संशय होताच. तो बोलला, बसा. जन्मात पहिल्यांदा ‘बसा’. चहा आला, कोरा. बोललो, दूध घाल की रे. बोलला, आमचं आंबट हाय, येसाजीराव. तुम्हाला कसं द्यायचं?
कप गार होईपर्यंत थांबलो. तो एकदा पण ‘येशा’ बोलला नाय.