बंद केलेला गजर

सर, तुम्ही दिलेलं घड्याळ अजून चालतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी रक्तदानावर बोलून मी ढाल जिंकली आणि मिरवत तुमच्याकडे आलो. तुम्ही पेपर तपासता तपासता विचारलंत, "स्वतः दिलंस का कधी?" दिलं नव्हतं. "मग ढाल ठेव इथं आणि चल." तुमच्या सायकलवर डबलसीट आपण रक्तपेढीत गेलो, आणि परतताना मेन रोडवर तुम्ही हे गजराचं घड्याळ घेऊन दिलंत. "सात मिनिटांच्या पुढं बोलत जाऊ नकोस."

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मला एचआयव्ही निघाला, आणि माझ्यामुळे बायकोलाही. कसा, ते तिला सांगितलं आहे. पिंपळगावला कांद्याच्या ट्रकवाल्यांपुढं मी निरोधावर असा बोलायचो की टपरीवरचे लोक चहा विसरायचे. मला आहे, एवढं मात्र कधी बोललो नाही. माझ्या गोळ्यांची वेळ सकाळी आठ, रात्री आठ; बायकोला अजून गोळ्या लागत नव्हत्या. तुमच्याच घड्याळात गजर लावला होता. पण दौऱ्यावर एका खोलीत झोपणारे कार्यकर्ते विचारत, "भाऊ, कसला हो गजर?" म्हणून तो बंद केला, आणि गोळ्या चुकत गेल्या. घरी निरोध आणणंही सोडलं. दोघांनाही आहेच, आता कोणी कोणाला जपायचं, हा माझा युक्तिवाद. बायको म्हणाली, "सभेत खोकी वाटता, आणि घरातले संपले का?" मी हसण्यावारी नेलं.

पुढे मला औषध लागू पडेना. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या चुकवून चुकवून तुमचा विषाणू औषधाला निर्ढावलाय. तोच संबंधातून यांच्यात गेला असेल, तर यांच्या गोळ्या सुरू होण्याआधीच निकामी." बायको शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तपासता येतं का?" एवढंच विचारलं. तिचं रक्त मुंबईला गेलं आणि ते सगळे दिवस आमच्या घरात फक्त भांडी वाजत होती. ज्याला बोलण्याबद्दल हार घालतात, त्याला स्वतःच्या बायकोपुढं एक वाक्य जुळत नव्हतं.

गेल्या महिन्यात अहवाल आला. डॉक्टर कागद उलटतात, पुन्हा पहिल्या पानावर येतात आणि म्हणतात, "यांच्यात तो निर्ढावलेला विषाणू दिसत नाही. सगळी औषधं चालतील. पण निरोध आता सोडायचा नाही." ती पदराने चष्मा पुसते. "ऐकलंत? हे खरं भाषण. तेही सात मिनिटांच्या आत." बाहेर येऊन आम्ही मिसळ खाल्ली. तिने तर्री दोनदा मागून घेतली, आणि इतक्या दिवसांनी मलाही भूक लागली होती.

गजर पुन्हा लावलाय. हे पत्र घड्याळाच्या रिकाम्या डबीत राहील. काल सिन्नरला कारखान्याच्या गेटसभेत बरोबर आठला तो वाजला. मी बोलणं थांबवलं, सगळ्यांदेखत गोळी घेतली, पाणी प्यायलो. पुढं उभा असलेला एक कामगार आपुलकीने म्हणाला, "बीपी का भाऊ?"

मी हो म्हणालो, सर.