घरातल्या ज्येष्ठ पुरुषाशी बोलावे

सोमवार, ४

तक्ता! तक्ता! जाळून टाकावासा वाटतोय!

डाव्या रकान्यात समाज, उजव्या रकान्यात वागण्याची रीत. मरणाच्या दारातल्या मुलांच्या घरच्यांशी कसं बोलावं, ते म्हणे चार ओळींत. मी वर्गात शिकवते, नर्सिंगच्या मुली घोकतात. त्यातली पहिल्या नंबरची, आमची पोपटीण, गुरुवारी वॉर्डात गेली. खाटेवर नऊ वर्षांची मुलगी. उपचार संपले, आता दुखू द्यायचं नाही, एवढंच हातात. आईला आपली भाषा येत नाही. शेजारच्या स्टुलावर पांढऱ्या दाढीचे आजोबा. तक्ता सांगतो, घरातल्या ज्येष्ठ पुरुषाशी बोलावे. ही बोलली! खुर्ची ओढून, आवाज खाली, सगळं पुस्तकाबरहुकूम. "थोडेच आठवडे उरलेत."

आजोबा घरचे नव्हतेच! शेजारी. गाडीतून सोडायला आले, मोडकंतोडकं भाषांतर करायला थांबले. बिचाऱ्यांनी चार दिवस ते पोटात ठेवलं, आज माझ्यासमोर घळाघळा रडले. आणि आई विचारतेय, घरी कधी सोडणार!

पोपटिणीला चांगलंच झाडलं. म्हणते, "मॅडम, तक्त्यात तसंच होतं." एक कानाखाली द्यावी असं वाटलं. तक्त्याच्या.

मंगळवार, ५

दुभाषी बाई बुधवारीच येते. म्हणजे आईनं अजून एक दिवस अंधारात राहायचं! आजोबांच्या गळ्यात पुन्हा हे घालणार नाही.

प्राचार्यांकडे गेले. "तक्ता परीक्षेला असतो. बदलता येत नाही." म्हटलं, "सर, तुमच्या घरी ज्येष्ठ पुरुषाचं कोण ऐकतं?" सुट्टी मंजूर करायलासुद्धा घरी बायकोला फोन लावतात, हे शिपायालाही ठाऊक आहे.

वर्गात विचारलं— तुमच्याकडे आजारपणात शब्द कुणाचा? एकीकडे आत्याचा. एकीकडे धाकट्या काकूचा, कारण ती औषधाच्या दुकानात कामाला. एकीकडे कुणाचाच नाही, नुसती भांडणं. एकही घर तक्त्यात बसेना. मुली हसल्या. पोपटीण हसली नाही. "मग करायचं काय, मॅडम?"

विचारायचं, बाई! 'कुणाशी बोलू?' एवढंच. पण हे मी कधी शिकवलंच नाही. तिच्यावर कसली ओरडते मी?

बुधवार, ६

आईला सांगितलं. पोपटीण आईसमोर बसली, "माझं चुकलं" म्हणाली. दुभाषी बाईनं तेही सांगितलं. आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकंच म्हणाली, "लेकीला मी सांगेन. तुम्ही कुणी तोंड उघडायचं नाही."

बरोबर आहे तिचं.

गुरुवार, ७

आईनं आज सकाळी लेकीला सांगितलं, आजोबांकडून कळलं. लेक म्हणाली, "मला माहीत आहे. त्या ताई आजोबांना सांगत होत्या तेव्हा मी जागीच होते. तू रडशील म्हणून बोलले नाही."

दोन वर्षं इथल्याच शाळेत जाते ती. वॉर्डात कुणाशी बोलायची नाही, म्हणून तिला भाषा येत नाही असं आम्हीच धरून चाललो. मीसुद्धा! सगळा आठवडा मी आईसाठी भांडले. पोर एकटीच होती.