हौशाची बारा चित्रं

११ जानेवारी १९७१, सोमवार

चित्रं परत आली! बाराच्या बारा. पोस्टमन शाळेतच देऊन गेला. मुलांसमोर पाकीट फोडायला नको होतं.

पुण्याचे संपादक लिहितात — 'रेषा सुबक आहे. पण बाराही चित्रांतले बैल एकाच साच्यातले. आपण बैल पाहून काढता की कॅलेंडरवरून?'

कॅलेंडरवरूनच! कसं ओळखलं?

मुलांचं पुस्तक आहे. म्हातारा बैल बाजारात जातो, विकला जात नाही, घरी परत येतो — एवढीच गोष्ट. नवी चित्रं फेब्रुवारीअखेर पोचली नाहीत तर काम दुसऱ्या चित्रकाराला. दोन वर्षं मासिकांना पाकिटं पाठवतेय, तेव्हा कुठे हे पहिलं पुस्तक हाती आलं. आणि काष्टीत राहून मला बैल काढता येऊ नये! दर शनिवारी गावात शेकड्यांनी उभे असतात.

१२ जानेवारी

रडून झालं. चित्रं आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, दाखवली. सासरे गेल्यावर बैलजोडी त्यांनीच सांभाळली. बैल पारखायला अजून लोक त्यांना बोलावतात. एकेक कागद लांब धरून बघितला.

"दिसाया झ्याक हायती. पन ह्येंच्या मानंवर कुनी जू ठिवलंच न्हाई."

"म्हणजे?"

"कामाचा बैल खांद्यात दिसतो, चांगुने. शनवारी बाजारात जा की."

बैलबाजारात! बाईनं! त्यात शाळेतल्या बाईनं!

हे म्हणाले, "मी एस.टी.तून रजा टाकतो. छत्री धरायला कंडक्टर चालेल ना?" मला वाटलं थट्टा. खरंच टाकली.

१६ जानेवारी, शनिवार

गेले! पहिला तासभर मान वर केली नाही. भोवती माणसांचं कडं.

"बाई, बैल घ्यायचाय का?"

"न्हाई रं, सरकारी मोजनी हाय."

"आसारामची बायकू हाय ती. मास्तरीन."

आसारामनी — म्हणजे ह्यांनी — छत्री अशी धरली होती की जणू भरल्या गाडीत तिकिटं फाडतायत. सहा कागद वाया गेले. बैल हलतो! कॅलेंडरवरचा हलत नव्हता.

मग कडेला एक म्हातारबाबा दिसले. भिमाजी नाव. बैल हौशा — एक शिंग खाली वळलेलं.

"तीन बाजार झालं, कुनी ह्येचं दावं सुदिक धरलं न्हाई. तुमी तरी काढा."

हौशा दोन तास उभा राहिला. मागचा उजवा पाय सैल, सगळा भार डाव्यावर. खांद्यावर जुवाचा घट्टा, तळहाताएवढा, केस गेलेला. तिथूनच सुरुवात केली. बाकीचा बैल त्याच्यामागून आपोआप आला!

१९ जानेवारी

टाक नको. फार गुळगुळीत चालतो. बोरू तासून घेतला. त्यातली शाई संपत आली की रेघ फाटते — ती फाटकी रेघ म्हणजेच हौशाचं कातडं! शाळेत दोन बोटं काळी घेऊन गेले.

२३ जानेवारी

भिमाजींनी आज हौशाला घासून धुऊन आणलं. वर शिंगांना लाल हिंगूळ! "म्हनलं, चित्रात जायाचंय तर नीट जाऊ दे." मला धुळीतलाच हवा होता. सांगवेना. हसू दाबत तसाच काढला. तेही चित्र पुस्तकात घालणार.

३१ जानेवारी

शेवटचं चित्र जमत नाही. परत निघालेला बैल. पाच वेळा काढला.

आत्याबाई म्हणाल्या, "डोळा मानसाचा काढलायस. बैल असा रडत न्हाई. त्येचं समदं कानात असतंय."

डोळा सोडूनच दिला. हौशा पाठमोरा काढला, मालकाकडे एक कान वळवलेला. झालं! इतकं सोपं होतं? चुलीवरचं दूध उतू गेलं, कुणी रागावलं नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार

पाठवण्याआधी बाजारात मांडायची — कल्पना ह्यांची. दोन बैलगाड्यांमध्ये सुतळी, सुतळीला चिमट्यांनी बारा चित्रं. मी लिंबाआड.

वाटलं, लोक छान छान म्हणतील. छे! बैल घ्यायला आल्यासारखेच बघत होते. वाकून, डोकं तिरपं करून.

"ह्यो मागल्या पायात आखडलाय."

"आखडलाच हाय त्यो! आरं, भिमाजीचा हौशा न्हाई का!"

ओळखला! हौशाला ओळखला! मी लिंबाआडून कधी बाहेर आले, कळलंच नाही.

भिमाजी शेवटच्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते. टोपी हातात.

"घरी जाताना आमी असं दिसतो व्हय?"

आमी, म्हणाले. मी मान हलवली.

१५ फेब्रुवारी

पार्सल रजिस्टर केलं. पोस्टाच्या खिडकीवरून हात काढवेना.

२ मार्च

पत्र नाही. निवडणुकीमुळे भिंतीभिंतीवर गाय-वासरू रंगवलंय. गाईचा मागचा पाय चुकलाय! आता दिसतं मला.

१२ मार्च, शुक्रवार

पत्र आलं. चित्रं पसंत! आणि पुढे — गोष्ट लिहिणाऱ्या बाईंनीच संपादकांना कळवलंय, 'माझे शब्द काढून टाका. या चित्रांना ते लागत नाहीत.' पुस्तकात आत एकही अक्षर नसणार.

आत्याबाईंना पत्र वाचून दाखवलं. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मंग मला वाचता यील."