शौकतच्या टपरीवरची आमची गाणी

राकीराकी,
रविवार दुपार

प्रिय देव,

दिवाळीला तुझा ब्रिस्बेनहून फोन येतो. आपण पाऊसपाण्याचं बोलतो, तू माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतोस आणि फोन ठेवतोस. माझ्या भावाचं, आपिसाईचं, नाव तू काढत नाहीस, मीही काढत नाही. फोनवर जे जिभेवर आलं नसतं ते आज लिहायला बसले आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून एवढं मोठं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

गावाचं सांगायचं तर साखर कारखाना बंद तो बंदच. तुझ्या दुकानात आता खताची पोती विकतात. मागच्या खोलीत तू रेकॉर्डिंगसाठी भिंतींना गाद्या ठोकल्या होत्यास ना, त्यांचे खिळे अजून तसेच आहेत. परवा डोकावून आले. शौकत बाजारात त्याच जागी बसतो, पण मोबाइलची कव्हरं विकतो. मला म्हणाला, "बाई, देवभाई मला चोर म्हणायचे. आता बघा, लोक घरबसल्या फुकट गाणी घेतात, माझ्यासारख्या चोराचंसुद्धा पोट मारलं." मी हसले, पण तो हसत नव्हता. मग हळूच विचारलं, "देवभाई बरे आहेत ना?" मी म्हटलं, शाळेची बस चालवतो, मुलं त्याला काका म्हणतात.

आपिसाईचा डावा पाय साखरेच्या आजारात घोट्यापासून गेला, हे तुला आईने सांगितलंच असेल. कुबड्या घेऊन चालतो. आवाज मात्र शाबूत आहे.

त्या खोलीतले दिवस मला फार आठवतात. पत्र्यावर पाऊस आला की गाणं थांबायचं, रस्त्यावरून बस गेली की थांबायचं, आणि तिसऱ्यांदा थांबलं की आपिसाई गिटार मांडीवर आडवी टाकून म्हणायचा, "मेहुण्या, या बसवाल्यालाच कोरसमध्ये घे." तुला तो मेहुणा का म्हणतो हे साऱ्या बँडला ठाऊक होतं, आणि तू कानांवरचे हेडफोन सारखे करत खाली बघायचास. माझी ओळ आली की बोट वर करायचास. मी ओळ कधी विसरत नव्हते, तरी तुझ्या बोटाची वाट बघायचे.

कॅसेट होत्या तोवर सगळं ठीक होतं. सीडी आली आणि बिघडलं. ती बाहेरून छापून आणायची, तिच्यावर जकात, मग कर, शिवाय रंगीत कव्हर. किंमत ठरली तेव्हा तुझाच चेहरा पडला होता. ऊस तोडणाऱ्याची पुऱ्या दिवसाची मजुरी. लोक दुकानात यायचे, सीडी हातात घेऊन आमचे फोटो बघायचे, "अरे, ही आपली मेरे", असं माझ्या फोटोवर बोट ठेवून म्हणायचे आणि अलगद परत ठेवून जायचे. आठवडाभरात तीच गाणी नकली सीडींवर, स्वस्तात, शौकतच्या टपरीवर आली. झेरॉक्सच्या कव्हरवर आपिसाईचा चेहरा नुसता काळा डाग दिसायचा. तू पोलिसांत गेलास, त्यांनी खोकी उचलून नेली, आणि पुढच्याच शनिवारी पोलिसांच्या गाडीतून आमचं गाणं वाजत गेलं.

मग भांडण. आपिसाई चारचौघांत म्हणाला, "तू हावरटासारखी किंमत लावलीस, म्हणून लोक चोर झाले." तू म्हणालास, "चोर तुझ्याच गावचे आहेत, त्यांना विचार." शौकत मध्ये पडला, "मी तर गातही नाही आणि छापतही नाही. लोकांच्या खिशाला परवडतं ते विकतो." मी ओसरीवर उभी होते. तिघांचंही मला पटत होतं, आणि असं कुणाला सांगायची ती वेळ नव्हती.

तरीही तू आईच्या वाढदिवसाला आलास. चटईवर बसलास, यांगोनाच्या मुळीच्या पेयाची पहिली वाटी टाळी वाजवून घेतलीस. आणि आई कौतुकाने म्हणाली, "थांब, माझ्या लेकरांची गाणी लावते." तिने टोपलीतून काढली ती शौकतची सीडी. एक नव्हे, चर्चमधल्या बायकांना वाटायला घेतलेल्या चांगल्या चार-पाच. दुकानातली परवडेना आणि तुझ्याकडे मागायची तिला लाज वाटली. ती म्हणालीही तसं, अगदी भोळेपणी: "तुझं नुकसान कशाला करू, पोरा?" कुणीतरी फिसकन हसलं. तू हसला नाहीस. गाणं पुरं होईपर्यंत बसून राहिलास, मग तिच्या पाया पडलास आणि निघालास. ती तुझ्याकडे मागू शकली नाही, तेच तुला लागलं, हे मला तेव्हाच कळलं. आपिसाईला वाटलं, तू रुसलास. महिन्याभरात दुकान विकून तू ब्रिस्बेनला बहिणीकडे गेलास.

आता यंदाची गोष्ट. वादळात चर्चचं छप्पर उडालं. ते नव्याने घालायला पैसे उभे करावेत म्हणून आपिसाईने पुरुषांचा गायनवृंद सुवा शहरात नेला आणि भजनांची सीडी काढली. स्टुडिओ, छपाई, येणंजाणं, सगळं त्यानेच पाहिलं आणि किंमतही त्यानेच लावली. रविवारी प्रार्थनेनंतर टेबलावर गठ्ठा मांडून बसला. लोकांनी सीडी उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवली. आमचा म्हातारा जोसेवा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, किमतीत तू तर त्या देवच्याही वर गेलास." संध्याकाळपर्यंत भजनं गावभर वाजत होती, प्रत्येकाच्या फोनवर. पहिल्यांदा ती फोनवर घेतली कुणी, तर आपिसाईच्याच पुतण्याने. त्याला वाटलं, काका खूश होतील.

आपिसाई त्या दिवशी जेवला नाही. पायरीवर कुबड्या शेजारी ठेवून बसला होता. मी चहा नेऊन दिला. कप हातात धरून म्हणाला, "मेरे, देवला त्या सीडीत काय सुटलं असेल गं?" मी म्हटलं, "काही नाही. असलंच तर अंगावर आलं असेल." "तुला माहीत होतं?" "त्याचा चेहरा बघितला असता तर तुलाही कळलं असतं." त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "आणि मी त्याला हावरट म्हणालो. लोकांसमोर." दोष कुणाचा हे त्याने पुन्हा विचारलं नाही. जकातीचा, शौकतचा, आईचा, पुतण्याचा, कुणाचाच हिशेब त्याला नको होता. त्याला फक्त तो एक शब्द परत घ्यायचा होता.

तर देव, पत्र लिहायचं कारण हे. पुढच्या महिन्यात आपिसाई ब्रिस्बेनला येतो आहे, तुझ्या दारात. आमच्याकडे माफी कशी मागतात ते तू जाणतोस. वडिलांनी ठेवलेला देवमाशाचा दात त्याने काढला आहे, दोरी नवी विणून घेतली आहे आणि तो देशाबाहेर नेण्याच्या परवान्यासाठी सरकारी कचेरीत खेटे घातले आहेत. तुला आधी कळू द्यायचं नाही अशी त्याची ताकीद आहे. कळलं तर तू सुट्टी काढून कुठेतरी निघून जाशील, अशी त्याला भीती वाटते. मलाही वाटते, म्हणूनच लिहिते आहे. जाऊ नकोस. तो जमिनीवर बसेल, त्या पायाने बसताना वेळ लागेल, तू उठवायला धावू नकोस. त्याला पुरतं बोलू दे. मग दात हातात घे, म्हणजे त्याला माफी मिळाली. एवढंच कर. कुबड्या, बॅगा आणि विमानतळाच्या पायऱ्या त्याला एकट्याला झेपणार नाहीत, म्हणून मीही येते आहे. त्याचं जायचं-यायचं तिकीट काढून झालं. माझं फक्त जायचं काढलं आहे. परतीचं काढायचं की नाही, ते तू दार उघडशील तेव्हा ठरवीन.

तुझीच,
मेरेवाई