घरी जाऊ शकतील असे दोनशे सोळा

१४ ऑक्टोबर

प्रिय दादास,

नमस्कार. इकडे आम्ही तिघंही ठीक. तुझा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला जिना उतरताना तू कठडा धरत होतास. तेव्हा विचारायचं राहून गेलं.

मी परवाच परदेशातून आले. हसू नकोस, आरोग्य खात्याने तुझ्या बहिणीला खरंच विमानात बसवलं! नऊ देशांची परिषद होती. मानसिक आजारांवरच्या उपचारांचं धोरण सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि मग आपापल्या देशात लागू करायचं. माझं काम साहेबांच्या मागे बसून कागद पुरवायचं. पहिल्या दिवशी ‘रुग्ण’ म्हणायचं की ‘व्यक्ती’ यावर दुपारपर्यंत कीस पाडला. तू असतास तर मोठमोठ्याने जांभया दिल्या असत्यास.

तिसऱ्या दिवशी अकरावं कलम आलं. बरा झालेला माणूस केवळ न्यायला कोणी येत नाही म्हणून रुग्णालयात राहणार नाही, त्याची सोय सरकार करेल, असं ते होतं. साहेब मागे वळून कुजबुजले, “त्यात ‘शक्यतो’ घालायची सूचना लिहा.” मी लिहून दिली. सुवाच्य अक्षरात.

समोर एका लहानशा देशाच्या बाई होत्या. तीस वर्षं वॉर्डात नर्स, आता त्यांच्या मंत्रालयात. त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे असे किती जण आहेत?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. यादी मीच केली होती. “दोनशे सोळा,” मी म्हटलं.

“त्यांना न्यायला का येत नाहीत?”

“घरच्यांचे गैरसमज असतात,” साहेब म्हणाले. “शिक्षण कमी, जागेची अडचण…”

दादा, दीड पान झालं, मी अजून गोल गोलच फिरतेय. आता लिहिते. तू त्या यादीत आहेस. तुझ्या डॉक्टरांनी चार वर्षांत मला तीन पत्रं पाठवली. गोळ्या वेळेवर घेतात, रुग्णालयाची बाग तेच सांभाळतात, आता घरी न्या, असं तिन्हींत होतं. पहिल्या पत्राला ‘घर लहान आहे’ असं उत्तर दिलं. पुढच्या दोन्हींना दिलंच नाही. भेटले की तू विचारायचास, “डॉक्टर काय म्हणतात?” आणि मी सांगायचे, “अजून थोडे दिवस.” ते डॉक्टर म्हणत नव्हते. मी म्हणत होते.

तू आरसा फोडलास त्या दिवशी आईच्या हाताचं रक्त मी पुसलं होतं. त्याची भीती बरीच वर्षं होती, नाही म्हणत नाही. पण भीती केव्हाच सरली. मागे लाज उरली. मानसिक आरोग्य विभागात नोकरी करते आणि ऑफिसात सांगितलंय की मला भावंडं नाहीत.

त्या सभेत मी बसल्या जागेवरूनच बोलले. “त्यांतला एक माझा भाऊ आहे. मी शिकलेली आहे. घरात एक खोलीही रिकामी आहे.” दुभाषे ते आपापल्या भाषांत सांगत होते, आणि एकेक मान माझ्याकडे वळत होती.

नर्सबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या म्हणाल्या, “म्हणजे घरच्यांनाही आधार लागतो. आमच्याकडे घरोघरी जाणाऱ्या परिचारिका आहेत. तुमच्या पाठवा, आम्ही शिकवू.” संध्याकाळपर्यंत तेही कलमात आलं. दोन देश अडून बसले म्हणून अंमलबजावणीला तीन वर्षांची मुदत द्यावी लागली, पण ‘शक्यतो’ साहेबांनी स्वतः खोडलं. मला एवढंच म्हणाले, “आधी सांगायचं होतंत.” रागाने की कसं, मला कळलं नाही.

घरी येऊन तिन्ही पत्रं तुझ्या मेहुण्यांपुढे ठेवली. त्यांनाही ती ठाऊक नव्हती. वाचून म्हणाले, “मी नको म्हणेन, हे परस्पर तूच ठरवलंस?” काल दोन्ही वेळेला स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतलं. आज सकाळी मागच्या खोलीतलं शिवणयंत्र मात्र एकट्यानेच ओढत बाहेर काढत होते. तुझ्या भाचीलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मामाला आपण आवडलो नाही तर?”



शुक्रवारी अकरा वाजता येते. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. सामान मात्र आधीच बांधू नकोस. तुला जे बोलायचंय ते आधी मला बोल, ओरडलास तरी चालेल. मग आमच्याकडे यायचं, दुसरीकडे कुठे राहायचं, की माझं तोंडही पाहायचं नाही, हे तू ठरव. दारातून परत पाठवलंस तर पुढच्या शुक्रवारी पुन्हा येईन.

पत्रात माफी मागत नाही. ती तुझ्यासमोर उभी राहून मागायची आहे.

तुझीच,
धाकटी