पेन्सिलीनं लिहिलेलं नाव

वाघोली, पुणे

प्रिय बाबा,

तुम्हाला जयभीम. घरचा फोन आई उचलते, म्हणून हे पत्र तुमच्या डेपोच्या पत्त्यावर पाठवते आहे.

मी बरी आहे. मेसचं जेवण चालण्यासारखं आहे, खोलीतल्या मुली चांगल्या आहेत. आईचा गुडघा कसा आहे? तिला जिने चढू देऊ नका.

आधीच्या विद्यापीठातल्या दोन वर्षांचे माझे क्रेडिट इथे अजून चढलेले नाहीत. इथलं ऑफिस म्हणतं, जुन्या विद्यापीठाकडून दुजोरा आला नाही. तिकडचे म्हणतात, ती मुलगी आता आमची नाही. तोवर सर माझं नाव हजेरीच्या शेवटी पेन्सिलीनं लिहितात. असे आम्ही चौघं होतो. दिवाळीनंतर दोघं दिसलेच नाहीत. ऑफिसात विचारलं, तर बाई म्हणाल्या, "या नावांचं इथे कोणी नव्हतंच."

बाबा, एक चूक झाली. पोच घेतल्याशिवाय मूळ कागद सोडायचा नाही, हे तुम्ही कायम सांगत आलात. मायग्रेशन सर्टिफिकेट इथल्या ऑफिसच्या खिडकीत दिलं, तेव्हा मागे मोठी रांग होती आणि मला पोच मागायला लाज वाटली. आता बाई म्हणतात, कागद आलाच नाही.

तुमच्या पेटीत त्याची झेरॉक्स असेल, तर लगेच पाठवा. आईला एवढंच सांगा, की अभ्यास चालू आहे.

आज सरांनी छापील नावं संपवली आणि हजेरी मिटली. मी तरीही "प्रेझेंट सर" म्हणाले. तास संपल्यावर टेबलावरचं हजेरीचं पुस्तक उघडून पाहिलं. खाली नुसता खोडरबराचा डाग होता.

तुमची लेक,
आम्रपाली